सोडलेल्या भूमिकेबद्दल

नाशिक

प्रिय बाळा,

सप्रेम आशीर्वाद.

परवा साईखेडकर नाट्यगृहात पडदा पडला, टाळ्या थांबल्या, लोक बाहेर पडले, तरी तू खुर्चीतच बसून होतास. सत्तर वर्षांच्या बापाचं काम त्या पोराने असं केलं की प्रेक्षक उभे राहिले. ते काम आधी तुला विचारलं होतं, हे मला माहीत आहे. ‘आत्ता म्हातारा केला तर पुढे म्हातारेच मिळतील’ म्हणून तू नाही म्हणालास, हेही. रात्री दीड वाजता तुझा मेसेज आला, ‘काका, माझी भूमिका गेली.’ फोनवर उरकण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसलो.

ती तुझी भूमिका नव्हती रे. तुला जे विचारलं होतं ते कागदावर होतं. परवा जे पाहिलंस ते त्या पोराचं होतं.

मी सत्तावीस वर्षांचा होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या गटाने स्पर्धेला एक दोन अंकी नाटक घेतलं होतं आणि मला नोकराचं काम देऊ केलं. तीन एंट्र्या, सात-आठ वाक्यं. आदल्या वर्षी मी नायक होतो, मला राग आला आणि मी सरळ नाही म्हणालो. ते काम एका शिक्षकाने घेतलं. प्रयोगाला मी विंगेत उभा होतो. दुसऱ्या अंकात मालकाला पाणी द्यायचं, एवढंच होतं. हा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन आला, मालकासमोर थांबला, धोतराच्या सोग्याने तांब्याचं बूड पुसलं आणि मग पुढे केला. संहितेत ते नव्हतं, दिग्दर्शकानेही सांगितलं नव्हतं. ज्या घरात आपण तीस वर्षं राबलो त्या घराच्या गालिच्यावर थेंब पडू नये, एवढी त्या नोकराची काळजी त्यात आली. मालक त्याला काढून टाकणार आहे हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. नाट्यगृहात कोणी खोकलंही नाही.

मी ते काम घेतलं असतं तर तांब्या नुसता पुढे केला असता. मग माझं काय गेलं? वर्षानुवर्षं विचार करून मला एवढंच कळलं की जे मी करूच शकलो नसतो, ते गमावलं म्हणून रडण्यात अर्थ नव्हता. रडायचंच तर ज्या कारणासाठी नाही म्हणालो, त्यासाठी रडायला हवं होतं. तो निव्वळ अहंकार होता.

‘शोले’चंच बघ. गब्बरसाठी आधी डॅनी ठरले होते. पण फिरोझ खानच्या ‘धर्मात्मा’ला त्यांनी तारखा दिल्या होत्या, शूटिंग अफगाणिस्तानात होतं, आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. मग अमजद खान आले. चंबळच्या डाकूंवर जया भादुरींच्या वडिलांनी लिहिलेलं पुस्तक त्यांनी वाचलं. सांभाला मारलेली ती हाक लहानपणी ऐकलेल्या एका धोब्याच्या बोलण्यावरून उचलली, असं सांगतात. डॅनींनी तो धोबी ऐकलेला नव्हता. त्यांचा गब्बर वेगळाच झाला असता, कदाचित फार चांगलाही, पण हा नाही. ‘प्यासा’तला कवी दिलीपकुमारनी केला नाही, म्हणून गुरुदत्त स्वतः उभे राहिले. तिथेही हेच. असे किस्से मात्र जपून ऐकत जा. चित्रपट चालला की तो नाकारणाऱ्यांची यादी दर वर्षी वाढत जाते, आणि पडलेला चित्रपट आपण नाकारला होता हे कोणी आवर्जून सांगत नाही.

आपल्याकडे तर या धंद्याची सुरुवातच नकारांनी झाली आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात तू फोटो काढायला जातोस. पुढच्या वेळी याचा विचार कर. ‘राजा हरिश्चंद्र’च्या तारामतीसाठी दादासाहेबांना एक बाई मिळेना. चांगल्या घरच्या बायका सोड, जिथे कोणी विचारायला जाणार नाही तिथेही ते जाऊन आले. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात त्यांना आचारी भेटला, अण्णा साळुंके. अंगाने सडपातळ, हात नाजूक. दहा रुपये पगार होता, दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. १९१३ ला चित्रपट आला. चारच वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. किती जणींनी तारामती नाकारली, त्यांची नावं कुठेही नाहीत. आणि १९१३ मध्येच, मुक्काम नाशिकला हलवल्यावर, ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. समाज तोच होता. या दोघींनी होय म्हटलं.

आता तुझं म्हाताऱ्याचं कारण. ते अगदीच खोटं नाही. अनुपम खेर अठ्ठावीस वर्षांचे असताना ‘सारांश’मधले निवृत्त मराठी शिक्षक प्रधान झाले. निर्मात्यांना ऐन वेळी संजीवकुमार हवे होते. खेर सामान बांधून मुंबई सोडायला निघाले आणि जाता जाता महेश भट्टना घरी जाऊन तोंडावर सुनावून आले. त्या संतापानेच काम परत मिळालं. पुढे त्यांच्या वाट्याला म्हातारे बाप भरपूर आले, हे खरं आहे. पण दोनच वर्षांनी ‘कर्मा’तला खलनायक डॉक्टर डँगही आला. म्हातारा नीट करणाऱ्याला लोक म्हातारा समजत नाहीत, नट समजतात.

नाही म्हणूच नये, असं मी सांगत नाहीये. सातपूरच्या कारखान्यात मला रात्रपाळी लागली तेव्हा मी एक चांगलं काम सोडलं. घरी आई आजारी होती, पगाराशिवाय भागणार नव्हतं. त्या नकाराबद्दल मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. डॅनींचा नकार शब्दासाठी होता, माझा पोटासाठी. पण ‘लोक मला काय समजतील’ या भीतीने दिलेला नकार मनात सलत राहतो. तुझा तसा होता. म्हणून तुला झोप लागत नाही. त्या पोराला मिळालेल्या टाळ्यांमुळे नव्हे.

आणि भूमिका संपत नाहीत, हेही लक्षात ठेव. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ १९७० ला डॉ. लागूंनी उभा केला. त्यानंतर दत्ता भटांनी केला, सतीश दुभाषींनी केला, २०१६ ला पडद्यावर नाना पाटेकरांनी केला. लागूंनंतर आता काय उरलं, असं म्हणत दत्ता भट घरी बसले असते तर?

एक काम कर. उद्याच त्या पोराला भेट. ‘छान केलंस’ एवढंच म्हणून सुटू नकोस. दुसऱ्या अंकात औषधाची बाटली उघडताना त्याची बोटं दोनदा घसरली आणि तिसऱ्यांदा त्याने ती मुलाकडे न देता तशीच खाली ठेवली, ते त्याला कुठून सुचलं, विचार. तो सांगेल ते ऐक.

पुढच्या महिन्यात मी एकांकिका बसवतोय. त्यात एक वॉचमन आहे, पाच मिनिटांचा, वय पासष्ट. संहिता सोबत पाठवली आहे. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण कारण कागदावर लिहून आण. तालीम गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, नेहमीच्या जागी.

तुझा,
काका