दीर्घिकांचे गट एकत्र येताना कुणी पाहिले?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीर्घिकांचे (म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्यांचे) दोन गट एकमेकांत मिसळायला अब्जावधी वर्षं लागतात, मग ते मिसळतात हे सांगणाऱ्यांनी पाहिलं कधी? आणि त्यात गुरुत्वीय भिंगाचं काय काम?

पहिलं सोपं आहे. दिवाळीच्या आधी शिवारात एक चक्कर मारा. कुणाच्या पऱ्हाटीला अजून पात्याच, कुणाची बोंडं भरलेली, कुणाची पहिली वेचणी चालू. एकच झाड सहा महिने बघत बसायची गरज नाही. आकाशातही वेगवेगळ्या अवस्थेतले गट दिसतात, ते ओळीने लावायचे.

खरी गंमत गटांतच का, हे आधी बघा. गटात मोजक्या ते पन्नासेक दीर्घिका. त्या सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाने फिरतात. मोठ्या समूहात हाच वेग हजारच्या घरात जातो. बाजाराच्या दिवशी एसटी बंडीच्या बाजूने धुरळा उडवत निघून जाते, पण दोन बंड्या अरुंद पांदणीत हळूहळू घासून चालल्या की चाकात चाक अडकतं. तसंच इथे. भेट सावकाश झाली तर एकमेकींच्या ओढीने तारे विस्कटतात, फिरण्याची ऊर्जा त्यात खर्च होते आणि दीर्घिका आत घसरत एक होतात. शेवटी मधे एक मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि आजूबाजूला किरकोळ पिल्लं उरतात. अशाला ‘जीवाश्म गट’ म्हणतात.

आता भिंग. गटाचं वजन करायचे जुने मार्ग दोन: सदस्यांचे वेग मोजा, नाहीतर मधल्या तप्त वायूचं तापमान क्ष-किरणांतून काढा. दोन्हींत गट निवांत बसलेला आहे असं धरलेलं असतं. टक्कर चालू असताना मात्र वायू धक्क्याने जास्तच तापतो, वेगही चढलेले असतात. कापसाच्या गाठोड्यावर पोरगं उड्या मारतंय आणि आपण काट्याचा आकडा वाचतोय, अशी गत. भिंगाला ही अडचण नाही. मागच्या दीर्घिकेचा प्रकाश समोरच्या वस्तुमानामुळे वाकतो, हेच गुरुत्वीय भिंग. ते वस्तुमान शांत आहे की धडपडतंय, चमकतं आहे की अदृश्य कृष्णद्रव्य आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टपरीवरच्या काचेच्या ग्लासाचं जाड बूड पेपरवर ठेवून बघा, अक्षरं ताणली जातात, वाकतात. त्याची ही फक्त चुणूक.

गट भारी असला तर मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा ताणून कमानी होतात, हलका असला तर त्या दिसतच नाहीत. तेव्हा मागच्या शेकडो दीर्घिकांच्या आकारांत आलेला बारीकसा कल मोजतात. ज्वारीचा एक धांडा कललेला दिसला तर काही कळत नाही, पण अख्खं वावर एकाच बाजूला झुकलेलं असलं की वारा कुठून आला ते सांगता येतं. म्हणून पुष्कळ गटांची मोजमापं एकावर एक ठेवून सरासरी काढतात.

माझं आवडतं उदाहरण सप्तर्षींच्या दिशेला आहे, सुमारे ४.६ अब्ज प्रकाशवर्षं दूर. त्याला ‘चेशायर मांजर’ म्हणतात. दोन डोळे म्हणजे दोन ठळक लंबवर्तुळाकार दीर्घिका, आणि चेहऱ्याची गोलाई व हसू म्हणजे मागच्या दीर्घिकांच्या वाकलेल्या प्रतिमा, निदान चार. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळलं की हे जवळपास सारख्या वजनाचे दोन गट आहेत आणि आपल्या नजरेच्या रेषेतच सेकंदाला सुमारे १,३५० किलोमीटर वेगाने भिडले आहेत. मला भावते ती बारीक गोष्ट: कमानींचे केंद्रबिंदू दोन्ही डोळ्यांपैकी कशावरच बसत नाहीत. बहुतेक वस्तुमान दिसणाऱ्या ताऱ्यांत नाही, हे अशा ठिकाणी समोर येतं. एक अब्ज वर्षांच्या आत डोळे मिळून एक होतील आणि मांजर एकडोळी होईल, म्हणजे एक भारी जीवाश्म गट.

पण भिंगालाही डोळे झाकून मान देऊ नका. एका रेषेत जे जे येतं ते सगळं त्याच्या वजनात जमा होतं. मांजराच्या बाबतीत टक्कर आपल्या नजरेच्या रेषेत आहे हे भिंगाने नाही सांगितलं. सदस्यांचे वेग दोन ढिगांत विभागलेले निघाले, म्हणून ते कळलं. सगळे मार्ग एकत्रच वापरावे लागतात. नुसत्या रंगीत चित्रावर निष्कर्ष काढणाऱ्यांवर माझा तरी भरवसा नाही.

आपल्या आकाशगंगेचाही एक गट आहे बरं. वेचणीच्या दिवसांत रात्री लाईन गेली की वावरात जा आणि देवयानी तारकासमूहात तो धुरकट डाग शोधा. २५ लाख प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने आपल्याकडे येते आहे. टक्कर नक्की होणार असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो, मीही शाळेत तेच शिकवलं. २०२५ च्या एका अभ्यासाने ती शक्यता पुढच्या १० अब्ज वर्षांत साधारण निम्म्यावर आणली. इथे भिंगाचा काही उपयोग नाही, कारण आपण त्या भिंगाच्या आतच बसलो आहोत.