परिवलन कुठलं आणि परिभ्रमण कुठलं?

एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे: 'पृथ्वीच्या दोन्ही गती मुलांना कळतात, वर्गात करूनही दाखवतात. पण परिवलन आणि परिभ्रमण यांतलं कुठलं नाव कुठल्या गतीचं, हे पेपरात हमखास उलटसुलट होतं. या शब्दांची फोड सांगाल का? त्यांच्याऐवजी सोपे शब्द वापरले तर चालतील का?'

ताई, यात मुलांना दोष देऊ नका. पृथ्वी भोवऱ्यासारखी गरगर फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण; पण गोंधळाची कारणं या शब्दांतच आहेत.

दोन्हींच्या सुरुवातीला 'परि', म्हणजे सभोवार. तो बाजूला काढला की उरतात वलन आणि भ्रमण. वलन 'वल्' धातूचं. आपलं वळणं, वळण, वळसा त्याच घरातले. भ्रमण 'भ्रम्' धातूचं. भ्रमंती, भोवरा, भोवळ हे त्याचे गोतावळ्यातले. आता नीट बघा. भोवरा एका जागी गरगर फिरतो, म्हणजे त्याची गती परिवलनाची, पण शब्द भ्रमणाच्या कुळातला. देवळाला वळसा घालतो ती गती परिभ्रमणाची, पण शब्द वलनाच्या कुळातला. रोजच्या मराठीने कानाला लावलेली सवय आणि भूगोलाच्या पुस्तकातला संकेत इथे एकमेकांच्या नेमके विरुद्ध जातात. आणि परिवलन शिकवताना आपण सगळेच पहिलं उदाहरण भोवऱ्याचं देतो! गती समजावायला ते उत्तम आहे, नाव लक्षात ठेवायला मात्र त्याचा उपयोग नाही.

नावासाठी मी मुलांना दुसरी दोन माणसं देते. एक हाक ऐकून जागच्या जागी मागे वळतो: वळणं, वलन, परिवलन. दुसरा घर सोडून भ्रमंतीला निघतो: भ्रमण, परिभ्रमण. मोबाइलला भ्रमणध्वनी का म्हणतात, हेही विचारा. तो आपल्याबरोबर गावभर हिंडतो म्हणून. हे उत्तर मुलं लगेच देतात आणि शब्द पक्का होतो.

हिंदी पुस्तकांत याच गतींना घूर्णन आणि परिक्रमण म्हणतात. परिक्रमणात परिक्रमा स्वच्छ दिसते, तेवढं ते सोपं. तरी आपले शब्द बदलावेत असं मला वाटत नाही. पुढच्या सगळ्या इयत्तांत तेच भेटणार आहेत. पण त्यांच्याआधी सोपे शब्द जरूर वापरा. माझी निवड गिरकी आणि फेरी. पृथ्वी गिरक्या घेत घेत सूर्याभोवती फेरी मारते. एका वाक्यात दोन्ही गती येतात आणि त्या एकाच वेळी चालू असतात हेही कळतं.

फेरीऐवजी 'प्रदक्षिणा' पुष्कळ जण वापरतात. शब्द सुंदर आहे, मलाही आवडतो, पण त्यात दिशा ठरलेली आहे: देव आपल्या उजव्या हाताला. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर पृथ्वीची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट जाते, म्हणजे सूर्य डाव्या हाताला राहतो. मुलांकडून खेळ करून घेणार असाल तर गिरकीही डावीकडे वळत आणि फेरीही सूर्याला डावीकडे ठेवून, एवढं सांभाळा.

'स्वतःभोवती फिरते' या शब्दप्रयोगाबद्दलही सांगायला हवं. आपल्याला त्यात काही खटकत नाही. पण 'भोवती' म्हटलं की लहान मुलाला बाहेरची वाट दिसते. एका मुलीने पृथ्वी काढून तिच्याभोवती कडं काढलेलं मी पाहिलं आहे, आणि तिच्या बाजूने ते तर्काला धरूनच होतं. त्यापेक्षा 'आसाभोवती' बरं. आस हा अक्षाचाच मराठी अवतार; बैलगाडीच्या चाकांमधून जाणारा दांडा तो आस. संत्र्यातून विणकामाची सुई आरपार घाला आणि फिरवा. मग कुठल्याही गतीबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ज्याच्याभोवती फिरणं चाललंय ते वस्तूच्या पोटात आहे की बाहेर? पोटात असेल तर परिवलन, बाहेर असेल तर परिभ्रमण.

या दोन शब्दांची खरी परीक्षा चंद्रावर होते. 'चंद्राची एकच बाजू दिसते, म्हणजे त्याला परिवलन नाही ना?' हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात. एका मुलीला वर्गाच्या मध्यभागी उभं करा. दुसरीने तिच्याकडे तोंड ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारायची, फुगडीत जोडीदारणीचा चेहरा सतत समोर असतो तशी. फेरी झाल्यावर विचारा, 'तू गिरकी घेतलीस का?' ती 'नाही' म्हणेल. मग विचारा, 'मधल्या मुलीच्या पाठीमागे तुला काय काय दिसत गेलं?' आधी फळा, मग खिडकी, मग मागची भिंत, मग दार, आणि पुन्हा फळा. चारही बाजूंना तिचं तोंड झालं, म्हणजे एक पूर्ण गिरकी झालीच; फक्त ती फेरीइतक्याच वेळात, सावकाश झाली. चंद्राचं परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही सुमारे 27.3 दिवसांत पुरी होतात. म्हणून त्याची पलीकडची बाजू पृथ्वीवरून दिसतच नाही. 1959 साली सोव्हिएत संघाच्या लूना 3 या यानाने तिची छायाचित्रं पाठवली, तोवर ती कुणीही पाहिलेली नव्हती.