कुत्रीच्या स्तनगाठी: मार्कर निवडण्याआधी

मार्कर म्हणजे पेशीची ओळख पटवणारं प्रथिन; ते अँटिबॉडी लावून रंगवतात. पण आधी साधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची (नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगांची) स्लाइड नीट वाचायला शीक. गाठ सिंपल (एकाच प्रकारच्या पेशींची), कॉम्प्लेक्स (दोन प्रकारच्या पेशींची) की मिक्स्ड (त्यात कूर्चा किंवा हाडही असलेली), हे ठरल्याशिवाय अँटिबॉडींची यादी करण्यात अर्थ नाही. कुत्रीच्या गाठीत मायोएपिथेलियल पेशी (नलिकेच्या अस्तराबाहेरच्या, आकुंचन पावणाऱ्या) पुष्कळदा वाढलेल्या असतात, बायकांच्या गाठीत तसं क्वचितच दिसतं. त्यामुळे तिकडचे निकष जसेच्या तसे उचलू नकोस.

या मायोएपिथेलियल पेशी ओळखायला मला पी६३ आणि कॅल्पोनिन ही मार्करची जोडी आवडते. नुसतं स्मूद मसल ॲक्टिन लावलंस तर रक्तवाहिन्या आणि मायोफायब्रोब्लास्टही (आधार-ऊतीतल्या आकुंचन पावणाऱ्या पेशी) रंगतात, आणि नवखा तिथे हमखास फसतो. पी६३ फक्त केंद्रकात दिसतं, म्हणून वाचायला सोपं.

केआय-६७ कर; विभाजन पावणाऱ्या पेशी त्यात रंगतात. त्यासाठीची एमआयबी-१ क्लोन ही अँटिबॉडी कुत्र्याच्या ऊतीवर चालते. मात्र कुठल्या भागात आणि किती पेशी मोजल्यास ते लिहून ठेव, नाहीतर तुझी टक्केवारी दुसऱ्या कोणाशी ताडताच येणार नाही.

एचईआर२बद्दल (बायकांच्या स्तनगाठीत तपासतात ते पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) मी साशंकच आहे. बऱ्याच अँटिबॉडी मानवी प्रथिनावर बेतलेल्या असतात. रंग आला म्हणजे तेच प्रथिन सापडलं असं नव्हे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) एचईआर२च्या आकाराची, म्हणजे १८५ किलोडाल्टनच्या आसपास पट्टी दिसते का, ते बघ.

आणि फिक्सेशन, म्हणजे ऊती रसायनात टिकवणं! १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, २४ ते ४८ तास. फार काळ फॉर्मॅलिनमध्ये राहिलं की रंग येईनासा होऊ शकतो. म्हणून महिनाभर बरणीत पडलेल्या तुकड्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह आला, तर शेजारच्या निरोगी नलिका रंगल्यात का ते पाहिल्याशिवाय अहवालावर सही करू नकोस.