सिगरेट सुटली, आता पँट होईना

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. वय 43, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. वीस वर्षं सिगरेट ओढली, दिवसाला 15 तरी व्हायच्या. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत शेवटची ओढली त्यानंतर हात लावला नाही. पण साडेतीन महिन्यात 71 चं 77 किलो झालंय. मित्र भेटला की "का बे, सासुरवाडीला राहायला गेलतास का" म्हणतोय. जेवण पहिल्याइतकंच आहे, तरी वाढतंय कसं? एकानं सांगितलं दिवसाला दोन ओढत जा, वजन जाग्यावर येईल. खरं सांगतो, मन चळतंय.

उत्तर: आधी ते दोनचं डोक्यातून काढा, दोनच्या 15 व्हायला एक रात्रपाळी पुरते. आणि तुम्हाला सल्ला देणारा स्वतः ओढतोय का बघा, बहुतेक ओढतच असेल.

आता वजनाचं. सिगरेट सोडली की वर्षभरात सरासरी 4 ते 5 किलो वाढतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यातच वाढतं, म्हणजे तुमचा चढ जवळजवळ संपत आलाय. सगळ्यांचं वाढतं असंही नाही बरं का, साधारण सहातल्या एकाचं उलट कमी होतं, आणि आठातल्या एकाचं 10 किलोच्या वर जातं. तुम्ही मधल्या गर्दीतले.

कारण सरळ आहे. निकोटीन भूक मारतं आणि शरीराचं इंजिन थोडं जास्त रेसवर ठेवतं. 1986 मध्ये माणसांना बंद खोलीत ठेवून मोजलं होतं, दिवसाला 24 सिगरेटी ओढल्या की अंगातला खर्च 10 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दोनेकशे कॅलरी. हा खर्च आता थांबला. त्यात जिभेची चव आणि नाकाचा वास परत आलाय, त्यामुळे घरचीच आमटी नव्यानं गोड लागायला लागते, ती काय तुमची चूक नाही.

पण "जेवण पहिल्याइतकंच" हे मला मान्य नाही. जेवण असेल हो, मधलं काय? टपरीवर उभं राहायची सवय गेलेली नसते, सिगरेट नाही म्हणून हातात अजून एक चहा येतो, सोबत खारी येते, फुटाणे शेंगदाणे येतात. आपल्याकडच्या अर्ध्या कप चहातसुद्धा दोन चमचे साखर असते. असे सहा चहा वाढले तर 12 चमचे, 60 ग्रॅम, 240 कॅलरी, महिन्याला 7200. एक किलो चरबी म्हणजे 7700 च्या आसपास, म्हणजे नुसत्या चहानं महिन्याला जवळजवळ किलोभर! शेंगदाण्याची एक मूठ 170 कॅलरीची असते आणि एका मुठीवर कोण थांबतंय. तेव्हा एक काम करा, चार दिवस खिशात कागद ठेवा, जे तोंडात जाईल ते लिहा, पाणी सोडून सगळं. कुणाला दाखवायचं नाही.

चहाचं आणखी एक आहे जे फारसं कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन भराभर बाहेर टाकत असतं. धूर बंद झाला की तेच कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं, तेवढाच चहा दुपटीसारखा लागू शकतो. मग छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, आणि माणूस समजतो सिगरेटची तलफ आली. रात्रपाळीवाल्यांना तर हे फारच जाणवतं, दिवसा झोप लागत नाही आणि झोप कमी झाली की भूक वाढते. चहा निम्मा करा, निम्मा म्हणजे खरंच निम्मा, आणि साखर एक चमचा.

तलफेचा जोर काही मिनिटांचा असतो, तेवढी काढायची. दहा मिनिटं झपाझप चाललं तरी ती उतरते, आणि तेच चालणं वजनालाही कामाला येतं. आता वैशाखात सोलापुरात दुपारी चाला म्हणालो तर लोक मलाच दवाखान्यात नेतील, त्यामुळे सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर तलावाकडं किंवा हुतात्मा बागेत जा, रात्रपाळी असली तर कारखान्याच्या आवारातच दोन फेऱ्या मारा. आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास.

मी स्वतः हॉस्टेलपासून ओढायचो, सोडली तेव्हा चार किलो वाढलो, त्यातलं दीड किलो अजून माझ्याकडंच आहे. माझं काय अडलं नाही. सिगरेट सोडून वर्ष झालं की हार्टच्या आजाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, सहा किलोच्या बदल्यात हा सौदा वाईट नाही. पुढच्या दोन महिन्यात वजन थांबलं नाही तर या, थायरॉइड आणि शुगर बघू.

प्रश्न: आमच्या ह्यांनी गेल्या सोमवारी सिगरेट सोडली. वजन वाढू नये म्हणून मी लगेच डाएट चालू केलंय, सकाळी फळं आणि रात्री फक्त सूप. पण घरात नुसती चिडचिड चाललीय, पोरांवर ओरडतात. काय चुकतंय?

उत्तर: वहिनी, तुमचा हेतू चांगला, पण एकाच वेळी दोन्हीकडून कोंडी केलीत. पहिले दोन-तीन दिवस ते आठवडा चिडचिड सगळ्यात जास्त असते, मग दोन ते चार आठवड्यात हळूहळू उतरते. त्यात पोट रिकामं ठेवलं तर भूक कुठली आणि तलफ कुठली हे त्यांना कळणार नाही, आणि मग एक दिवस सूप पिऊन उठतील आणि सरळ टपरी गाठतील. पहिला महिना डाएट नको, वेळेवर पोटभर जेवण द्या. फक्त तळलेलं आणि गोड घरात भरून ठेवू नका, समोर असलं की हात जातोच.

आणि आपल्याकडं एक झकास गोष्ट आहे, कडक भाकरी. सिगरेट सुटल्यावर तोंडाला आणि हाताला काम लागतं, कडक भाकरीचा तुकडा मोडत कुरुमकुरुम चावायला पाच मिनिटं सहज जातात, तेवढ्यात तलफ निघून जाते. बिस्किटाचा पुडा त्याच वेळात रिकामा होतो. काकडी, गाजर, बडीशेप, लवंगही चालेल. जेवणात मटकी, डाळ, पालेभाजी वाढवा, कारण सिगरेट सोडल्यावर बऱ्याच जणांना पोट साफ होत नाही आणि चिडचिडीचं तेही एक कारण असतं, लाजेनं सांगत नाहीत. ताक पाणी भरपूर.

फारच जड जात असेल तर निकोटीनचं गम आहे. 2 मिलीग्रॅमचं मेडिकलमध्ये मिळतं, 4 ला चिठ्ठी लागते, उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागायची त्यांना 4 चं. गम चालू असेपर्यंत वजन वाढणंही थोडं लांबतं. पण च्युइंगगमसारखं चघळत बसायचं नाही, थोडं चावून झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचं, आणि चहा पिऊन लगेच घ्यायचं नाही, लागूच पडत नाही. 1800-11-2356 हा सरकारी फुकट नंबर आहे, पाकिटावरच छापलेला असतो, रोज हातात धरून कुणी तो वाचला नसेल एवढंच.

प्रश्न: मी सिगरेट सोडून मावा चालू केला, वजन अजिबात वाढलं नाही. हा उपाय सगळ्यांना का सांगत नाही?

उत्तर: कारण तुम्ही काही सोडलेलं नाही, फक्त धूर काढून चुना लावलाय. माव्यात तंबाखू आहे म्हणजे निकोटीन आहे, म्हणून वजन वाढलं नाही. वर सुपारी, तीही कॅन्सर करणारी. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत जातात का आजच आरशात बघा. जात नसतील किंवा तिखट झोंबत असेल तर थेट तपासायला या.

प्रश्न: मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सिगरेट सोडली तर वजन वाढून शुगर वाढेल अशी भीती वाटते.

उत्तर: भीती अगदीच खोटी नाही, वजन वाढलं तर सुरुवातीला शुगर हलू शकते. पण वजन वाढलेल्यांमध्येसुद्धा हार्टनं मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच राहतो. सोडायची तारीख आधी डॉक्टरांना सांगा, तीन महिन्यांनी एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) करा, लागलं तर गोळी बदलता येते. इन्सुलिन घेत असाल तर स्वतःच्या मनानं डोस हलवू नका.

प्रश्न: वजनासाठी शेंगाचटणी बंद करावी लागेल का?

उत्तर: सोलापुरात राहून हे मी कुणाला सांगू शकत नाही. दोन चमचे घ्या, वर तेल ओतायच्या ऐवजी दही घ्या, आणि डबा जेवण झालं की उचलून ठेवा.