उबंटूच्या वेब सर्व्हरवर एसएनएमपी (सर्व्हरची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची पद्धत) लावलं, पण मॉनिटरिंगच्या मशीनवर काहीच दिसत नाही. काय राहिलं?

बहुतेक वेळा अडचण एसएनएमपीडीच्या, म्हणजे सर्व्हरवर या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या सेवेच्या, मूळ सेटिंगमध्येच असते. उबंटू-डेबियनवर ही सेवा फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकते, म्हणजे बाहेरून विचारलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही. कॉन्फिग फाइलमध्ये 'एजंटअ‍ॅड्रेस'च्या ओळीत सर्व्हरचा आतल्या नेटवर्कचा आयपी घाला आणि फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १६१ उघडा, तोही फक्त मॉनिटरिंग मशीनच्या आयपीसाठी. इंटरनेटला कधीच नको.

एवढं करूनही सर्व्हरचं नाव नि अपटाइम दिसतो, पण डिस्क, नेटवर्क ट्रॅफिक दिसत नाही? मग 'व्ह्यू' (बाहेरच्याला कोणती माहिती दिसावी याची कॉन्फिगमधली मर्यादा) आड येतोय. मूळ व्ह्यू जाणूनबुजून अरुंद ठेवलेला असतो; त्यात .१.३.६.१.२.१ ही शाखा (एसएनएमपीत माहितीचे गट अशा आकड्यांनी ओळखले जातात) जोडा, मेमरी आणि लोडसाठी .१.३.६.१.४.१.२०२१ सुद्धा. सेवा रीस्टार्ट करून मॉनिटरिंग मशीनवरून एसएनएमपीवॉक (दिसणारी सगळी माहिती ओळीने मागवणारी कमांड) चालवून बघा.

एसएनएमपीचं व्हर्जन ३ च वापरा, ही कळकळीची विनंती. व्हर्जन २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्डच, नेटवर्कवरून उघड्यावर जाते.

आणि साइटची यूआरएल एचटीटीपीने वेगळी तपासा, सर्टिफिकेटची मुदतही. सीपीयू निवांत दिसत असतानाही साइट ५०२ एरर (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याची) देत असू शकते, आणि एसएनएमपीच्या आलेखात ते दिसणार नाही.