डीएनएचा पीळ न उलगडता प्रथिनं क्रम कसा ओळखतात?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: बेस-जोड्या (ए-टी, जी-सी अशा डीएनएच्या ‘अक्षरां’च्या जोड्या) पिळाच्या आत दडलेल्या असताना रिप्रेसर (जनुक बंद ठेवणारं प्रथिन) त्या वाचतो कसा, ई. कोलाय या जिवाणूच्या सुमारे ४६ लाख जोड्यांत त्याला नेमकी जागा सापडते कशी, आणि लॅक प्रमोटरमधली (लॅक्टोज वापरणाऱ्या जनुकांचं वाचन जिथे सुरू होतं त्या भागातली) कॅप साइट, म्हणजे कॅप हे नियामक प्रथिन बसतं ती जागा, पुस्तकातल्या क्रमाशी पूर्ण का जुळत नाही.

पीळ उलगडावा लागतच नाही. बेस एकमेकांना आतल्या बाजूने धरतात, पण त्यांच्या कडा खाचांमध्ये उघड्या राहतात. मेजर ग्रूव्ह या रुंद खाचेत हायड्रोजन बंध देणारे अणू, घेणारे अणू आणि थायमिनचा मिथिल गट यांची मांडणी चारही प्रकारच्या जोड्यांसाठी वेगवेगळी दिसते. अरुंद खाचेत मात्र ए-टी आणि टी-ए जवळपास सारखेच दिसतात. सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं. जिवाणूंच्या बऱ्याच नियामक प्रथिनांमध्ये हेलिक्स-टर्न-हेलिक्स (दोन सर्पिल तुकडे आणि मध्ये वळण) ही रचना असते. तिचं दुसरं हेलिक्स रुंद खाचेत बसतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाची अमिनो आम्लं त्या कडांना भिडतात.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा १९८५ चा. व्हार्टन आणि टाश्नी यांनी ४३४ या फाजच्या (जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूच्या) रिप्रेसरमध्ये फक्त या हेलिक्सच्या बाहेरच्या अंगाची अमिनो आम्लं बदलून तिथे पी२२ फाजच्या रिप्रेसरमधली बसवली. बाकी प्रथिन तेच, पण ते आता पी२२ चा ऑपरेटर (रिप्रेसर बसतो तो डीएनएचा तुकडा) ओळखू लागलं!

यावरून ‘आर्जिनिन म्हणजे जी’ अशी सांकेतिक लिपी असेल असं वाटतं. आर्जिनिन ग्वानिनशी दोन हायड्रोजन बंध करतं आणि ही जोडी वारंवार दिसते, हे खरंच. पण लिपी नाही, आणि क्लासच्या नोट्समध्ये ती असल्यासारखी शिकवतात हे मला खटकतं. ट्रिप्टोफॅन रिप्रेसरच्या १९८८ च्या स्फटिकरचनेत बेसशी थेट संपर्क जवळपास नाहीत, बरेचसे पाण्याच्या रेणूंमार्फत आहेत. ४३४ चा रिप्रेसर ऑपरेटरच्या मधल्या जोड्यांना शिवतही नाही, तरी तिथे ए-टी च्या जागी जी-सी घातली की पकड कितीतरी ढिली होते, कारण तो तुकडा हवा तसा वळत नाही. म्हणजे अक्षरांइतकाच डीएनएचा लवचीकपणाही वाचला जातो.

आता शोधाबद्दल. लॅक रिप्रेसर ऑपरेटरला साध्या विसरणाने (डिफ्यूजनने) शक्य वाटेल त्याहून जलद गाठतो, असं १९७० मध्ये मोजलं गेलं. त्याचं कारण असं की तो कुठल्याही डीएनएला सैलसर चिकटतो, फॉस्फेटच्या ऋणभारामुळे. मग थोडं अंतर घसरत जातो, सुटतो, दुसरीकडे बसतो. जिवंत पेशीत तो सुमारे ९०% वेळ असाच भलत्या जागी चिकटलेला असतो. घसरताना त्याचा बिजागरीसारखा भाग विस्कळीत असतो. ऑपरेटर भेटला की त्याच भागाचं हेलिक्स बनतं, ते अरुंद खाचेत शिरतं आणि डीएनए वाकतो.

शेवटी तुमची कॅप साइट. सर्वमान्य क्रम टीजीटीजीए, मध्ये सहा जोड्या, मग टीसीएसीए. दोन्ही अर्ध्या भागांच्या मध्यांतलं अंतर ११ जोड्या, म्हणजे जवळपास एक वेढा. त्यामुळे कॅपच्या डायमरचे (दोन सारख्या प्रतींच्या जोडीचे) दोन्ही हात पिळाच्या एकाच बाजूने पोहोचतात. लॅकमध्ये उजवा भाग टीसीएसीटी आहे. ती छपाईची चूक नाही, साइट खरी आहे. एका जोडीचा तोटा झाला तरी बाकीचे संपर्क आणि वाकण्याची सोय पुरेशी ठरते. उलट लॅक ऑपरेटरचा पूर्ण सममित कृत्रिम नमुना बनवला तेव्हा रिप्रेसर त्याला नैसर्गिक ऑपरेटरपेक्षाही घट्ट बसला. तेव्हा जिनोममध्ये साइट शोधताना तंतोतंत जुळणी मागू नका. प्रत्येक स्थानाला वेगळं वजन देणारा मॅट्रिक्स (गुणांचा तक्ता) वापरा, नाहीतर लॅकचीच साइट तुमच्या यादीतून गळेल.