खाडीलगत जेट्टीपर्यंत रस्ता करायचा आहे. सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) परवानगीच्या अर्जात किती खारफुटी लावू असं लिहावं लागतं?

तिप्पट. रस्त्यामुळे जेवढं खारफुटीचं क्षेत्र जाईल, त्याच्या किमान तिप्पट दुसरीकडे लावायचं, असं अधिसूचनेतच आहे. पण तुम्ही अर्ज शेवटच्या पानापासून लिहायला बसलाय, आणि नेमकं यावरूनच माझं एका साहेबांशी वाजलं होतं.

रायगडात ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर होतो. काम असंच, गावापासून धक्क्यापर्यंत जोडरस्ता. सल्लागाराने ऑफिसात बसून नकाशावर सरळ रेघ ओढलेली, थेट तिवरांमधून, म्हणजे खारफुटीच्या झाडांमधून. साहेब म्हणाले, झाडं मोज, तिप्पट लिही, फाइल पुढे पाठव. मी ओहोटीला गावातल्या एका आगरी काकांबरोबर चिखल तुडवत गेलो. ते म्हणाले, "बांध हाय ना जुना, त्यावरशी ने." खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला खारभूमीचा बंधारा, उघाडीसकट (म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडायच्या झडपेसकट). थोडा वळसा पडत होता, पण तिवर जवळजवळ सगळे वाचत होते. साहेबांना दिसली ती फक्त वाढलेली लांबी.

त्यांचा हट्ट एकच: तोडू तेवढीच झाडं जाणार ना? साफ चूक. आडवा भराव पडला की भरतीचं पाणी पलीकडे पोचत नाही, नाहीतर आत शिरलेलं बाहेर पडत नाही. तिवराची श्वासमुळं कायम पाण्याखाली राहिली की कुऱ्हाड न लागताही झाड मरतं. मोऱ्या टाकल्या म्हणावं, तर त्यांचा तळ चिखलापेक्षा वर; पाणी मागे साचणारच. मोजणीच्या तक्त्यात ही झाडं नसतात. मशीन न्यायला टाकलेला मुरमाचा 'तात्पुरता' रस्ताही नसतो, आणि तो कोणी उचलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

फाइल सरळ रेघेचीच गेली आणि शेरा घेऊन परत आली: पर्यायी मार्ग तपासला का? मग बंधाऱ्याचा मार्ग साहेबांनी बैठकीत स्वतःची कल्पना म्हणून मांडला. असो.

आधी मार्ग बदलून बघा. अगदीच जमत नसेल तर तेवढा तुकडा खांबांवर घ्या, भराव नको. बुलेट ट्रेनचंच बघा. आधी ५३ हजारांवर खारफुटी जाणार होती. ठाणे स्थानकाचा आराखडा वगैरे बदलल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली ती सुमारे २२ हजारांची. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची रेघ हलते, तर तुमच्या जोडरस्त्याची का नाही?

आणि ती तिप्पट लागवड करणार कुठे? खाडीत जिथे तिवर आपणहून आलेले नाहीत तिथे बहुतेक वेळा काही कारण असतं. उघड्या चिखलावर रोपं खोचली तर तिथे चरणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा जाते, ती वेगळीच.

हो, बंधारा खारफुटीपासून ५० मीटरच्या आत असेल तर बफरमधून, म्हणजे खारफुटीभोवतीच्या राखीव पट्ट्यातून, सुटका नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खारफुटी तोडायची तर सार्वजनिक कामालाही उच्च न्यायालयात जावं लागतं, तेव्हा वकील गाठा. बंधाऱ्यासाठी खारभूमी खात्यालाही विचारावं लागेल. उघाडी मात्र बुजवू नका, पावसाळ्यात आतली शेतं बुडतील. आमचे साहेब तीही बुजवायला निघाले होते, पाइपचा खर्च वाचतो म्हणून.